रस्ता वाहता ठेवून खोदताना

'काम चालू, रस्ता बंद. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' ही पाटी वाचली नाही असा शहरी माणूस आज महाराष्ट्रात सापडणे कठीण. मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही शहरांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत मेट्रोची कामे निघाली. पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्या मुलांना त्यामुळे एक पक्के कारण मिळाले आणि शिक्षकांनाही ते खोटे म्हणता येईना, कारण शिक्षक स्वतः त्याच कोंडीत अडकून आलेले असत.

या पाटीमागे एक मजेदार पेच आहे. जमिनीखालची रेल्वे हवी असते ती शहराच्या मध्यभागी, कारण गर्दी तिथे असते. आणि गर्दी तिथे असते म्हणूनच तिथे खणायला जागा नसते. ज्या रोगावर औषध द्यायचे तो रोग औषध देताना आधी काही वर्षे वाढणारच. तेवढ्या काळात त्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचे, बसगाड्यांचे, हातगाड्यांचे आणि दुकानदारांचे काय करायचे, हा प्रश्न १६० वर्षांपेक्षा जुना आहे. तो सोडवण्याच्या प्रयत्नांतून स्थापत्यशास्त्रातल्या काही सुंदर युक्त्या जन्माला आल्या, आणि काही माणसे मेलीही.

सुरुवात अर्थातच लंडनपासून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनच्या जुन्या भागातले रस्ते घोडागाड्यांनी तुंबलेले होते. शहराच्या कडेला येऊन थांबणाऱ्या रेल्वे स्थानकांना भुयारातून जोडावे, अशी मोहीम चार्ल्स पिअरसन या वकिलाने कित्येक वर्षे चालवली. १८६० साली पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या सुमारे ६ किलोमीटरच्या मार्गाचे काम सुरू झाले. जॉन फाउलर हे त्याचे अभियंते.

हा मार्ग बराचसा रस्त्याखालूनच का नेला? अनेकांना वाटते, खणायला सोपे म्हणून. खरे कारण पैशाचे आहे. घरांखालून जायचे तर घरे विकत घ्यावी लागतात, पाडावी लागतात आणि मालकांना भरपाई द्यावी लागते. रस्त्याला असा मालक नसतो. म्हणून रस्ता उघडायचा, खोल चर खणायचा, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती उभारायच्या, वर कमान घालायची आणि माती लोटून पुन्हा रस्ता करायचा. या पद्धतीला 'कट अँड कव्हर' म्हणतात. कंपनीचा खर्च त्यामुळे खूप वाचला. पण वाचलेला खर्च नाहीसा होत नाही. तो रस्त्याने जाणाऱ्यांच्या वेळातून आणि रस्त्याकडेच्या दुकानदारांच्या गल्ल्यातून वसूल होतो, एवढेच. कंपनीच्या वहीत मात्र तो कुठे दिसत नाही. या लेखातल्या पुढच्या साऱ्या घडामोडी या एका मुद्द्याभोवती फिरतात.

लंडनमध्ये रस्त्याचा तुकडा खणायला घेतला की तिथली वाहतूक बाजूच्या रस्त्यांवर जाई. खड्ड्यातल्या संकटांना तर सीमा नव्हती. जून १८६२ मध्ये फ्लीट नावाच्या जुन्या नदीचे, म्हणजे तोवर मैलापाण्याचे गटार झालेल्या प्रवाहाचे, पाणी भिंत फोडून बांधकामात घुसले. शहराच्या पोटात काय काय आहे याचा पुरा नकाशा कोणाकडेच नसतो, हा धडा तेव्हा मिळाला. तो प्रत्येक शहराला पुन्हा नव्याने मिळत आला आहे. १० जानेवारी १८६३ रोजी गाडी सुरू झाली. पिअरसन ती पाहायला नव्हते. काही महिने आधीच, १८६२ च्या सप्टेंबरात, त्यांचे निधन झाले होते.

लंडनमध्ये रस्ता बंद करणे निदान शक्य तरी होते. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये तीही सोय नव्हती. ट्रेमाँट रस्त्यावर ट्रामगाड्या एकीमागे एक इतक्या खेटून उभ्या असत की त्यांच्या टपांवरून चालत जाता येईल, असे लोक म्हणत. त्या ट्रामगाड्या जमिनीखाली न्यायचे ठरले आणि १८९५ साली काम सुरू झाले. पण ते होईपर्यंत ट्रामगाड्या बंद ठेवल्या तर शहरच बंद पडणार. तेव्हा अभियंत्यांनी रस्ता भाकरीसारखा न उघडता पावासारखा कापायचे ठरवले. रस्त्याला आडव्या अरुंद पट्ट्या आखायच्या. रात्री एखादी पट्टी उघडायची, खणायची आणि सकाळी वाहतूक सुरू होण्याआधी तिच्यावर तुळया टाकून जाड फळ्या ठोकायच्या. दिवसा वरून घोडे आणि ट्राम धावतात, खाली मजूर भिंती आणि छत बांधतात. एक पट्टी पुरी झाली की पुढची. 'वाहतूक चालू ठेवून बांधकाम' या कल्पनेचा शहराच्या मध्यभागी एवढ्या शिस्तीने केलेला हा पहिल्या काही प्रयोगांपैकी एक.

मात्र फळ्यांच्या या छताने एक नवीनच धोका निर्माण केला. रस्त्याखाली दिव्यांसाठीच्या वायूच्या नळ्या होत्या. एरवी नळी गळली तर वायू मातीतून झिरपत हवेत मिसळतो. इथे वरच्या रस्त्याच्या आणि खालच्या बोगद्याच्या छताच्या मध्ये पोकळी तयार झाली होती आणि तिच्यात वायू साठत राहिला. ४ मार्च १८९७ रोजी ट्रेमाँट आणि बॉयल्स्टन रस्त्यांच्या चौकात त्याचा स्फोट झाला. ठिणगी बहुधा विजेवर चालणाऱ्या ट्रामचीच. रस्त्यावरच्या गाड्या, घोडे आणि माणसे उडाली. अनेकजण मेले. रसायनशास्त्राच्या तासाला हवा आणि इंधनवायू यांचे स्फोटक मिश्रण शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे. गळती तितकीच होती, बदलली होती ती फक्त जागा. उघड्या हवेत जो वायू नुसता वास देऊन गेला असता, तो बंद पोकळीत बाँब ठरला.

न्यूयॉर्कने फळ्यांच्या छताचा वापर फार मोठ्या प्रमाणावर केला. तिथे भूपृष्ठाच्या थोडेच खाली कठीण खडक लागतो, म्हणून सुरुंग लावावे लागत. म्हणजे वर भरलेली ट्राम आणि तिच्या खाली काही मीटरवर डायनामाइट. २२ सप्टेंबर १९१५ रोजी सकाळी कामावर जाण्याच्या वेळी सेव्हन्थ ॲव्हेन्यूखाली सुरुंग उडाला, आधाराचे खांब सरकले आणि रस्त्याचा मोठा तुकडा उतारूंनी भरलेल्या ट्रामसकट खड्ड्यात कोसळला. अर्धा डझनाहून अधिक माणसे दगावली. तीनच दिवसांनी ब्रॉडवेवरही छत खचले. फळ्या पुरेशा जाड होत्या. कमकुवत होती ती आधाराची रचना. एक खांब गेला की त्याचा भार शेजारच्यावर, तो गेला की पुढच्यावर, अशी माळ लागत गेली. वायूच्या बाबतीत मात्र न्यूयॉर्क शहाणे झाले होते. खणण्याच्या जागी वायूच्या नळ्या तात्पुरत्या उचलून रस्त्याच्या वरून, उघड्यावरून नेल्या जात. दिसायला ओंगळ, पण गळती झाली तरी वायू आकाशात जाई.

इथे थोडे थांबून एक हिशोब करू. रस्ता पूर्ण बंद न करता थोडा अरुंद केला तर नक्की किती बिघडते? नववीच्या मुलांनाही हा हिशोब फळ्यावर करता येईल.

समजा एका रस्त्यावरून तासाला जास्तीत जास्त ३६०० गाड्या जाऊ शकतात. सकाळी आठ ते दहा या वेळात तासाला ३००० गाड्या येतात, म्हणजे सगळे सुरळीत आहे. आता खोदकामासाठी एक पट्टा घेतला आणि क्षमता २४०० वर आली. दर तासाला ६०० गाड्या मागे राहतील. दहा वाजता रांगेत १२०० गाड्या असतील आणि शेवटच्या गाडीला अर्धा तास थांबावे लागेल. दहानंतर गर्दी ओसरली आणि तासाला २००० गाड्या येऊ लागल्या, तर रांग दर तासाला फक्त ४०० ने कमी होईल. ती संपायला दुपारचा एक वाजेल! गर्दी दोन तासांची, कोंडी पाच तासांची. साडेबाराला तिथे पोचलेल्या माणसाला कळतच नाही की आता गर्दी नसताना आपण का अडकलो.

आता हाच हिशोब जरा बदला. आठ ते दहा या वेळात १० टक्के गाड्या कमी आल्या, म्हणजे ३००० ऐवजी २७००. रांग दर तासाला ३०० ने वाढेल, दहा वाजता ६०० होईल आणि साडेअकराला संपेल. गाड्या फक्त एक दशांशाने कमी झाल्या, पण रांग निम्मी झाली. वाहतूक नियोजनाचे सारे इंगित या असमतोलात आहे. सगळ्यांना दुसरीकडे पाठवण्याची गरज नसते. दहातल्या एकाने वेळ बदलली, बस धरली किंवा तो फेरा टाळला, तरी पुष्कळ काम होते.

पण दहातला एकजण असे करतो का? १९९८ पूर्वी बहुतेक वाहतूक अभियंते गृहीत धरत की रस्ता अरुंद केला तरी गाड्या तितक्याच राहतात, त्या फक्त बाजूच्या गल्ल्यांत घुसतात. सॅली केर्न्स, फिल गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या साली आणि पुन्हा २००२ साली वेगवेगळ्या देशांतली प्रत्यक्ष उदाहरणे तपासली. त्यांत पुलांची दुरुस्ती, भूकंपाने तुटलेले रस्ते आणि पादचाऱ्यांसाठी बंद केलेले चौक असे सगळे होते. २००२ च्या लेखात ११ देशांतली ७० उदाहरणे आहेत. त्यांतल्या निम्म्या ठिकाणी आधीच्या ११ टक्क्यांहून अधिक गाड्या आसपास कुठेच सापडल्या नाहीत. लोकांनी वेळ बदलली होती, दोन कामे एका फेरीत उरकली होती, चालत जाणे पत्करले होते किंवा जाणेच टाळले होते. अर्थात हे आपोआप सगळीकडे होत नाही. काही ठिकाणी कोंडी खरोखरच हलून शेजारच्या वस्तीत गेली. आणि ज्याला चालत जाता येत नाही, ज्याचे दुकानच त्या रस्त्यावर आहे, त्याने काय बदलायचे, हा प्रश्न सरासरीच्या आकड्यात बुडून जातो.

आता पुन्हा बांधकामाकडे वळू. फळ्यांच्या छताचा खरा दोष असा की ते तात्पुरते असते, पण राहते मात्र कित्येक वर्षे. इटलीतल्या मिलान शहरात १९५७ ते १९६४ या काळात पहिली मेट्रो बांधताना अभियंत्यांनी क्रमच उलटा केला. आधी खड्डा, मग भिंती, मग छत, हा जुना क्रम. त्यांनी आधी भिंती, मग छत आणि शेवटी खड्डा असे केले!

खड्डा नसताना भिंत कशी बांधायची? त्यासाठी बेंटोनाइट नावाच्या मातीचा चिखल वापरला. भिंतीच्या जाडीएवढा अरुंद आणि खोल चर खणायचा आणि खणतानाच तो या चिखलाने भरून ठेवायचा. बेंटोनाइटचा चिखल पाण्यापेक्षा जड असतो. तो चराच्या बाजूंवर आतून दाब देतो आणि मातीच्या रंध्रांत शिरून एक पातळ, जवळजवळ जलरोधी साय धरतो. स्थिर राहिला की तो खिरीसारखा घट्ट होतो, ढवळला की पुन्हा पातळ. म्हणून यंत्राला त्यातून खणता येते आणि तरी बाजू ढासळत नाहीत. चर पुरेसा खोल झाला की त्यात लोखंडी सळ्यांचा पिंजरा सोडायचा आणि नळीने तळापासून काँक्रीट भरत यायचे. काँक्रीट जड, म्हणून चिखल वर ढकलला जातो. तो काढून पुढच्या चरात वापरायचा. अशा दोन भिंती झाल्या की त्यांच्यावर कायमचे छत घालायचे, वर रस्ता करायचा आणि वाहतूक सोडून द्यायची. मग छताखालची माती बाजूच्या वाटेने सावकाश उपसायची. रस्ता बंद राहतो तो भिंती आणि छत होईपर्यंतच. तेही अर्धा अर्धा रस्ता घेऊन करता येते. या युक्तीला जगभर 'मिलान पद्धत' असेच म्हणतात.

लंडनने त्याच सुमारास वेगळा मार्ग धरला. व्हिक्टोरिया लाइनचे बोगदे खोल होते, पण ऑक्सफर्ड सर्कस या गजबजलेल्या चौकाखालीच मोठी तिकीटघराची जागा खणायची होती. १९६३ च्या ऑगस्टमध्ये बँकेच्या सुट्टीला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी चौक बंद केला गेला आणि ६५ तासांत सुमारे ६०० टन पोलादाचा एक पूल संपूर्ण चौकावर उभा राहिला. मंगळवारी सकाळी लंडनच्या लाल बसगाड्या मीटरभर उंचावलेल्या चौकावरून जाऊ लागल्या. लोकांनी त्याला 'छत्री' म्हटले. ही छत्री जवळजवळ पाच वर्षे, १९६८ च्या ईस्टरपर्यंत, तशीच होती आणि तिच्याखाली खणणे चालू होते. मला या गोष्टीतले पोलाद फारसे महत्त्वाचे वाटत नाही. त्या ६५ तासांच्या आधीची महिनोन् महिन्यांची तयारी अधिक मोलाची वाटते. कोणता तुकडा कोणत्या गाडीवर, कितव्या क्रमाने यायचा, हे आधी ठरलेले नसते तर मंगळवारची सकाळ लंडनला फार महाग पडली असती.

आता आपल्या देशात येऊ. कलकत्त्यात भुयारी रेल्वे असावी ही कल्पना डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी १९४९ मध्येच मांडली होती. प्रत्यक्ष पायाभरणी २९ डिसेंबर १९७२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते झाली. दमदम ते टॉलीगंज हा १६.४५ किलोमीटरचा मार्ग. मेट्रो रेल्वेच्याच माहितीनुसार कलकत्त्यात रस्त्यांखाली असलेली जमीन शहराच्या जेमतेम ४.२ टक्के, तर दिल्लीत ती २५ टक्के. म्हणजे एक रस्ता उखडला तर त्याची वाहतूक वळवायला दुसरा रस्ताच नाही. त्यात जमीन गंगेच्या गाळाची, मऊ चिकणमातीची. थोडे खणले की पाणी. पावसाळ्यात खड्ड्यांची तळी.

अभियंत्यांनी आजवर पाहिलेल्या साऱ्या युक्त्या तिथे वापरल्या. बेंटोनाइटच्या भिंती उभारल्या, पोलादी पत्रे जमिनीत ठोकून आधार दिले, खणलेल्या चरांवर वाहतुकीसाठी लांबच लांब छते टाकली. बेलगाछिया आणि श्यामबाजारच्या मध्ये रेल्वेचे यार्ड आणि कालवा असल्याने वरून खणणे शक्यच नव्हते. तिथे ढालीच्या आड, दाबाखालची हवा भरून बोगदा काढला. हवेचा दाब पाण्याला बाहेर रोखून धरतो. मजुरांना मात्र आत-बाहेर करताना दुहेरी दारांच्या खोलीत थांबून दाबाशी जुळवून घ्यावे लागते.

इतके ज्ञान असून काम रखडले, ते बहुतांशी जमिनीवरच्या कारणांनी. १९७७-७८ पर्यंत पुरेसा पैसाच मिळाला नाही. पाणी, गटार, वीज, टेलिफोन यांच्या जुन्या वाहिन्या हलवायला वेळ लागला. न्यायालयांचे मनाई हुकूम आले. सिमेंट-पोलादाचा पुरवठा अनियमित होता. एस्प्लनेड ते भवानीपूर हा ३.४ किलोमीटरचा तुकडा २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाला. भारतातली ही पहिली मेट्रो. संपूर्ण मार्ग जोडला जायला २७ सप्टेंबर १९९५ उजाडला. चौरंगीच्या एका बाजूला मैदान आहे, हातपाय पसरायला जागा आहे. उत्तरेकडे चित्तरंजन ॲव्हेन्यूच्या दोन्ही बाजूंना इमारती दाटीने उभ्या. दक्षिणेचा तुकडा दहा वर्षे आधी पुरा झाला यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

पायाभरणीच्या वर्षी पहिलीत गेलेले उत्तर कलकत्त्यातले मूल सारे शालेय शिक्षण, कॉलेज आणि कदाचित नोकरीची पहिली वर्षेसुद्धा उखडलेल्या रस्त्याशेजारी काढून मग त्या गाडीत बसले. वाहतूक वळवण्याचा आराखडा दोन-तीन वर्षांसाठी आखलेला असतो. तो वीस वर्षे ताणला की त्याला आराखडा म्हणता येत नाही, तो शहराचा स्वभावच बनतो. म्हणून खोदकामाच्या काळातली वाहतूक सांभाळण्याचा सर्वात मोठा उपाय पोलिसांच्या हातात नसतो. पैसे वेळेवर येणे आणि जुन्या वाहिन्यांचा शोध आधीच लागलेला असणे, हाच तो उपाय.

आज मधले बोगदे यंत्राने खोलवर काढले जातात आणि रस्ता उघडावा लागतो तो फक्त स्थानकांपाशी. यात वरची वाहतूक पुष्कळ वाचते. धोका मात्र संपत नाही, सरकतो. कोलकात्याच्याच पूर्व-पश्चिम मेट्रोचे यंत्र ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बहुबाजारात पाणी भरलेल्या थराला भिडले, माती वाहून गेली, वरची जुनी घरे तडकली, काही कोसळली आणि अनेक कुटुंबांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले. रस्ता वाचला, घरे गेली. १८६० च्या लंडनमधल्या हिशोबाच्या नेमके उलट.

मुंबईच्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ या ३३.५ किलोमीटरच्या भुयारी मार्गावर हा पेच रात्र आणि दिवस असा उभा राहिला. दिवसा रस्ता वाहता ठेवायचा, तर उपसलेला दगड-मातीचा ढीग नेणारे डंपर रात्री चालवावे लागतात. रात्री चालवले, तर कफ परेड-चर्चगेटच्या रहिवाशांना झोप नाही. मुंबई उच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा काम करण्यास मनाई केली. मेट्रोच्या बाजूने म्हणणे होते की असे केले तर काम लांबेल आणि सगळ्यांचाच त्रास वाढेल. रहिवाशांचे म्हणणे होते की झोप हीसुद्धा हक्काचीच गोष्ट आहे. दोन्ही खरे. १२०० गाड्यांच्या रांगेचा हिशोब फळ्यावर मांडता येतो, पण एका तान्ह्या मुलाच्या मोडलेल्या झोपेचे एकक कोणते? ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने ही मनाई उठवली आणि रात्रीचे काम पुन्हा सुरू झाले.

गिरगाव आणि काळबादेवीला तर रस्ता इतका अरुंद की स्थानकाचा पूर्ण खड्डा उघडणेच अशक्य. तिथे बाजूला छोटी विहीर खणून तिच्यातून आडवे शिरत, खडक थोडा थोडा फोडत स्थानक कोरून काढले. तरीही विहिरीसाठी आणि जिन्यांसाठी जागा लागलीच, आणि ती जुन्या चाळींची होती. त्या चाळींतल्या कुटुंबांचे पुनर्वसन हा प्रकल्पाचा वेगळाच अध्याय आहे. गाडी टप्प्याटप्प्याने आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत. गिरगावात आता स्थानकाचे जिने रस्त्यावर उघडतात. आडोशाचे निळे पत्रे निघाल्यावर तिथल्या कित्येकांना रस्त्याची पलीकडची बाजू सात-आठ वर्षांनी प्रथमच सरळ दिसली.